उतारावरचे घर: एका जुन्या मोटारहोमच्या ढिल्या हँडब्रेकचे प्रकरण

डिसेंबरातल्या एका रात्री, सातपुड्यातल्या तोरणमाळला यशवंत तलावाच्या अलीकडे किंचित उताराच्या जागेवर उभे केलेले एक मोटारहोम आपणहून दीड फूट मागे सरकले. आत नाना आणि काकू झोपलेले होते. दोनच्या सुमारास काकू पाणी पिण्यासाठी उठल्या, मागच्या बाजूच्या ओट्याकडे चार पावले चालल्या, आणि तेवढ्या हालचालीने गाडीने जागा सोडली. मागे पडलेल्या एका दगडाला चाक टेकले म्हणून ती थांबली. तो दगड कोणी मुद्दाम ठेवलेला नव्हता, आणि त्याच्यापलीकडे उतार वाढतच जात होता. हँडब्रेक त्या वेळी पूर्ण ओढलेला होता. गाडी न्यूट्रलमध्ये होती, कारण आठच दिवसांपूर्वी ब्रेक दुरुस्त करून घेतला असल्याने नानांचा त्यावर विश्वास होता.

नाना हे माझ्या थोरल्या बहिणीचे दीर. यावल तालुक्यात त्यांची केळीची शेती आहे. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवत असे. परत आल्यावर त्यांनी मला बोलावले आणि गाडी माझ्यापुढे उभी केली. पुढचे आठ दिवस आम्ही जे पाहिले, मोजले आणि बदलले, ते मी येथे सविस्तर लिहीत आहे. या दोषावर सहसा जो उपाय केला जातो, त्याच उपायाने या गाडीतला दोष वाढत गेला होता.

गाडी मूळची मिनीबस आहे, २००३ साली नोंदलेली. काही वर्षांपूर्वी नानांनी ती विकत घेऊन तिचे घर करून घेतले. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे अशा बदलाला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती घेऊन नोंदणी पुस्तकात तशी नोंदही झालेली आहे. आत दोन जणांचा पलंग, लाकडी कपाटे, स्वयंपाकाचा ओटा, गॅस सिलिंडर, दोन मोठ्या बॅटऱ्या, लहानसे शौचालय आणि १२० लिटर पाण्याची टाकी आहे. टाकी, शौचालय आणि ओटा हे सगळे मागच्या आसाच्या आसपास किंवा त्याच्याही मागे बसवलेले आहे.

या गाडीचा हँडब्रेक चाकांवर लागत नाही, आणि बहुतेकांना हे ठाऊक नसते. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, जिथून शाफ्ट निघतो तिथे, एक ड्रम आहे. हँडब्रेक ओढला की केबल त्या ड्रममधले दोन शू, म्हणजे घर्षणाचा थर (लायनर) लावलेले दोन अर्धगोल तुकडे, फाकवते, ड्रम धरला जातो, ड्रमबरोबर शाफ्ट आणि शाफ्टबरोबर डिफरन्शियलमार्गे, म्हणजे शाफ्टचे फिरणे मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरांमार्गे, मागची चाके अडकतात. पायाच्या ब्रेकचे ड्रम चाकांत आहेत; त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. अमेरिकेतल्या जुन्या मोटारहोमांमध्ये, विशेषतः जनरल मोटर्सच्या पी-३० चासीवर बांधलेल्या जड गाड्यांमध्ये, हीच रचना आढळते. तिथे काही गाड्यांत ड्रम धरण्याचे काम स्प्रिंग करते आणि सोडण्याचे काम तेलाचा दाब करतो. आपल्याकडच्या या गाडीत मात्र सगळे काम हात आणि केबल यांचेच आहे.

शाफ्टवर ब्रेक ठेवण्यामागे एक सरळ हिशेब असतो. नानांच्या गाडीत चाक एक फेरा मारते तेव्हा शाफ्ट सुमारे पावणेसहा फेरे मारतो, हे आम्ही दोन्ही मागची चाके उचलून, एकत्र फिरवून मोजले. म्हणजे चाकाला रोखण्यासाठी जेवढा पीळ लागतो, त्याच्या पावणेसहाव्या हिश्श्यात शाफ्ट रोखता येतो, आणि म्हणून एकच लहान ड्रम पुरतो. पण त्यामुळेच लायनरची पकड थोडी जरी कमी झाली, तरी चाकापाशी तिचा परिणाम तितक्याच पटीने वाढून दिसतो.

तोरणमाळच्या आधी ही गाडी त्याच तक्रारीसाठी तीन वेळा गॅरेजमध्ये जाऊन आली होती. प्रत्येक वेळी केबलचा नट फिरवून केबल ओढून दिली गेली. पहिल्यांदा चार महिने बरे गेले, दुसऱ्यांदा सहा आठवडे, तिसऱ्यांदा आठ दिवस. ही घसरण पाहिल्यावरच मला वाटले की केबल सैल होणे हा मूळ दोष नसावा. केबल ताणत जाते हे खरे आहे, परंतु ताणण्याचा वेग असा दर वेळी वाढत जाण्याचे कारण केबलमध्ये सापडत नाही.

कशालाही पाना लावण्यापूर्वी गाडीचे वजन करायचे ठरवले. टाकी भरून, सामान जागेवर ठेवून, नाना आणि काकू आत बसलेले असताना गाडी सावद्याच्या एका भुईकाट्यावर नेली. एकूण वजन ५,१४० किलो भरले. पुढच्या आसावर १,७६० आणि मागच्या आसावर ३,३८०. नोंदणीतली कमाल मर्यादा ५,२०० किलो आहे, म्हणजे गाडी मर्यादेत होती, पण जेमतेम. मिनीबस प्रवासी उतरले की हलकी होते. घर मात्र कायम भरलेलेच असते. मूळ ब्रेकची क्षमता या वजनाला पुरेशी असली, तरी तिच्यात ढिलाईला जागा राहिलेली नव्हती.

ब्रेक किती धरायला हवा याचेही माप आहे. आयएस ११८५२ या भारतीय मानकात आणि युरोपातल्या आर-१३ या नियमात भरलेली गाडी १८ टक्के चढावर आणि उतारावर हँडब्रेकने उभी राहिली पाहिजे असे म्हटले आहे. १८ टक्के म्हणजे शंभर मीटर आडव्या अंतरात अठरा मीटर उंची. कोनाच्या भाषेत दहा अंशांपेक्षा थोडे अधिक. ५,२०० किलोची गाडी अशा उतारावर सुमारे ९२१ किलो बलाने खाली ओढली जाते. गाडी जुनी आहे म्हणून माप सैल करावे असे मला वाटत नाही, कारण आत झोपलेल्या माणसांना गाडीच्या वयाने काही फरक पडत नाही.

उतार मोजायला आम्ही एक मीटर लांबीची सरळ फळी आणि गवंड्याची पाणसळ वापरली. फळीचे एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर ठेवून ती पाणसळीने आडवी करायची आणि दुसऱ्या टोकाखालची मोकळी उंची मोजायची. जितके सेंटिमीटर भरतील तितके टक्के. एका जिनिंगच्या आवारात सिमेंटचा चढ होता, तो १२ सेंटिमीटर निघाला. हतनूरच्या पाटाच्या बांधावर चढणारा मुरमाचा रस्ता अधिक तीव्र होता, पण तो मी नाकारला. मुरमावर चाक अडकलेले असूनही टायरच घसरू शकतो, आणि मग ब्रेक सुटला की टायर सुटला हे कळत नाही. अशी चाचणी टणक आणि कोरड्या पृष्ठभागावरच घ्यावी.

गाडी तोंड वर करून चढावर उभी केली. मागच्या दोन्ही चाकांमागे वीतभर अंतर सोडून लाकडी ठोकळे ठेवले, नाना चालकाच्या जागी पायब्रेकवर पाय तयार ठेवून बसले, आणि उतारावर असताना गाडीखाली कोणीही जायचे नाही हे सर्वांना बजावले. त्याआधी सपाट जागेवर मी ड्रमवर आणि त्याच्या शेजारच्या स्थिर पत्र्यावर खडूची एकच सलग रेघ ओढून ठेवली होती. तिच्यासमोर जमिनीवर मोबाइल ठेवून चित्रण सुरू केले. मग नानांनी हँडब्रेक ओढला आणि पायब्रेक हळूहळू सोडला.

गाडी प्रथम बोटभर मागे आली आणि ‘खट्’ आवाज होऊन थांबली. नाना घाबरले, पण चित्रणात खडूची रेघ अखंड होती. ड्रम हललाच नव्हता. शाफ्टच्या जॉइंटमधली आणि डिफरन्शियलच्या दात्यांमधली (क्राऊन-पिनियन) मोकळीक तेवढी भरून निघाली होती. शाफ्टवर हँडब्रेक असलेल्या प्रत्येक गाडीत हा एक हिसका येतो. तो दोष नव्हे, हे मालकाला सांगणे आवश्यक असते, अन्यथा तो याच हिसक्यासाठी केबल ओढून घेत राहतो. त्यानंतर मात्र अर्ध्या मिनिटाने ड्रमवरची रेघ पत्र्यावरच्या रेघेपासून हळूहळू दूर जाऊ लागली आणि चाके ठोकळ्यांना टेकली. हँडब्रेकचा दांडा त्याच खटक्यावर होता, आणि नंतर सपाट जागी पाहिले तेव्हा केबल तारेसारखी ताठ होती.

या एका चित्रणाने बराच शोध संपला. हँडब्रेक ढिला असण्याची कारणे दोन गटांत मोडतात. एकतर हाताचा जोर शूपर्यंत पोचत नाही, किंवा जोर पोचतो पण शू धरत नाही. येथे जोर पोचत होता, आणि ड्रम दाबलेल्या शूंमधून फिरत होता. १२ टक्के उतारावर ५,१४० किलोची गाडी सुमारे ६१२ किलो बलाने ओढली जाते. म्हणजे हा ब्रेक गरजेच्या दोन तृतीयांशही धरत नव्हता. अशा अवस्थेत केबल आणखी ओढणे म्हणजे ओल्या हाताने दोर अधिक घट्ट पकडण्यासारखे आहे.

यावल रस्त्यावर ज्यांचे गॅरेज आहे ते जिभाऊ वयाने माझ्यापेक्षा मोठे आहेत आणि मी त्यांच्या हाताला मान देतो. शाफ्ट उतरवण्याआधी त्यांनी ड्रमच्या खालच्या काठावरून बोट फिरवले, नाकाशी नेले आणि म्हणाले, “भाऊ, ब्रेक बिघडेल नही, त्याले तेल लागेल शे.” म्हणजे ब्रेक बिघडलेला नाही, त्याला तेल लागलेले आहे. बोटाला गिअर ऑईलचा तो उग्र, गंधकासारखा वास होता.

उघडण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शाफ्ट सोडवला की या गाडीला हँडब्रेक उरत नाही. गिअरमध्ये टाकून ठेवण्याचाही उपयोग राहत नाही, कारण इंजिन आणि चाके यांना जोडणारा दुवाच निघालेला असतो. म्हणून गाडी सपाट फरशीवर घेतली, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले, आणि मागचा आस दोन मजबूत स्टँडवर ठेवला. शाफ्टच्या फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जोडल्या जाणाऱ्या टोकाच्या चकतीवर, आणि तिच्या जोडीदारावर रंगाची खूण केली, म्हणजे शाफ्ट पुन्हा त्याच स्थितीत बसेल आणि त्याचा तोल बिघडणार नाही.

गिअरबॉक्सची तेल भरण्याची डाट सैल केली तेव्हा आतून ‘फुस्स’ करत हवा बाहेर आली. गाडी नुकतीच वीस किलोमीटर चालून आलेली होती. गिअरबॉक्समध्ये असा दाब साठायला नको, कारण वरच्या बाजूला एक ब्रीदर असतो. तेल तापले की आतली हवा फुगते आणि त्या बारीक वाटेने बाहेर पडते. जिभाऊंच्या मुलाने आरसा आणि बॅटरी घेऊन ब्रीदर शोधला, आणि तो दिसलाच नाही. त्याच्या जागी एक काळा उंचवटा होता. गाडीचे घर करताना गंज लागू नये म्हणून खालून डांबरासारखा काळा लेप फवारला होता. तो फवारताना ब्रीदर झाकून घ्यायला हवा होता. तसे न झाल्याने त्याची टोपी लेपाखाली चिकटून बंद झाली होती.

ब्रीदर बंद, म्हणून तापलेल्या तेलाचा दाब साठला. दाबाला वाट हवी, म्हणून तो गिअरबॉक्सच्या मागच्या ऑईल सीलच्या, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कडीच्या, ओठातून थोडे थोडे तेल बाहेर ढकलू लागला, आणि सीलच्या लगेच पलीकडे हँडब्रेकचा ड्रम आहे. लायनरला तेल लागले, पकड कमी झाली. मालकाने तक्रार केली, गॅरेजने केबल ओढली. केबल इतकी ओढली गेली की दांडा पूर्ण खाली असतानाही शू ड्रमला घासत राहिले. घासण्याने ड्रम तापला, आणि त्या उष्णतेने शेजारच्या सीलचे रबर कडक झाले. कडक सील अधिक गळू लागले, लायनर अधिक भिजला, आणि पुन्हा केबल ओढली गेली. चार महिने, सहा आठवडे, आठ दिवस, ही घसरण अशी घडली होती. त्यात खान्देशातला मे महिना धरावा, जेव्हा भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि डांबरी रस्त्यालगतची हवा त्याहून तापलेली असते. गाडीच्या पोटाखाली निवायला काही वावच राहत नाही.

ड्रम उतरवल्यावर हे सगळे डोळ्यांना दिसले. लायनर काळे, आरशासारखे चकचकीत झालेले होते. ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर निळसर डाग होते, जे लोखंड फार तापल्याची खूण असतात. शू मागे ओढणारी एक स्प्रिंगही निळी पडून सैल झाली होती. सीलचा ओठ नखाने दाबला तर वाकत नव्हता. तेलाची पातळी डाटेच्या भोकाच्या कडेला असायला हवी, ती बोटभर खाली होती. गळती थोडी दिसत असली तरी फार दिवसांची होती.

सील काढताना दोन गोष्टी तपासल्या. पहिली, शाफ्टच्या बेअरिंगमधली ढिलाई. बेअरिंग झिजले असेल तर शाफ्ट वर-खाली हलतो आणि कितीही चांगले सील लावले तरी काही महिन्यांत ते पुन्हा गळते. येथे बेअरिंग घट्ट होते. दुसरी, फ्लँजचा तो गोल भाग ज्यावर सीलचा ओठ टेकतो. वर्षानुवर्षे घासून तिथे नखाला जाणवेल अशी खाच पडली होती. नवे सील त्याच खाचेवर बसवले असते तर तेल पुन्हा वाट काढत आले असते. नवा फ्लँज लगेच मिळण्यासारखा नव्हता, म्हणून त्या भागावर पातळ पोलादी बाही दाबून बसवली, जिच्यामुळे ओठाला पुन्हा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. फ्लँजचा नट नवा वापरला आणि पुस्तकात दिलेल्या जोराने टॉर्क पान्याने आवळला. ‘हाताने अंदाजाने कसून दिला’ हे या नटाला चालत नाही.

लायनरबाबत जिभाऊंच्या गॅरेजमधल्या एका पोराने सुचवले की स्टोव्हच्या ज्योतीवर तेल जाळून काढू आणि पॉलिश पेपर मारून परत लावू. ही पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि मी तिला ठामपणे विरोध करतो. लायनर सच्छिद्र असतो. तेल वरच्या थरात थांबत नाही, आत मुरते. जाळल्यावर वरचा थर कोरडा दिसतो, पण ब्रेक तापला की आतले तेल पुन्हा वर येते, शिवाय ज्योतीने लायनरला बांधून ठेवणारे द्रव्यच जळते. दोन्ही शूंचे लायनर आम्ही बदलले. एकाच शूचा बदलला तर पकड असमान होते. जुन्या गाडीत लायनर केव्हाचा आहे हे कळत नाही, आणि जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, म्हणून ड्रममधली भुकटी हवेच्या नळीने उडवली नाही. ती पाण्याने भिजवून, फडक्याने पुसून, पिशवीत बांधून टाकली. गॅरेजमधली मुले दिवसभर त्याच हवेत श्वास घेतात.

ड्रम लेथवर नेऊन आतून हलका कापून घेतला. त्याआधी तीन ठिकाणी आतला व्यास मोजला आणि ड्रमवर ओतीवात उमटवलेल्या कमाल मापाशी ताडून पाहिला. मर्यादेपलीकडे कापलेला ड्रम पातळ होतो आणि दाबाखाली फाकतो. नव्या लायनरवर खडू घासून ड्रम हाताने फिरवला, तेव्हा खडू फक्त टोकांवर पुसला गेला. लायनरची गोलाई ड्रमशी जुळत नव्हती. जिभाऊंनी कानशीने ती हळूहळू जुळवत नेली, तेव्हा कुठे खडू सगळीकडे सारखा पुसला जाऊ लागला. या कामाला एक पूर्ण दुपार गेली. ती वाया गेली असे मला वाटत नाही, कारण शूचा तिसरा हिस्साच टेकत असेल तर नवा लायनरही जुन्यासारखाच वागतो.

केबलही बदलावी लागली, पण वेगळ्या कारणाने. पाण्याच्या टाकीची चौकट बसवताना केबलला एक तीव्र वळण दिले गेले होते. त्या वळणात आतल्या दोन तारा तुटल्या होत्या, आणि वळणातल्या घर्षणात हाताचा बराच जोर खर्ची पडत होता. नवी केबल आम्ही चौकटीच्या दुसऱ्या बाजूने, मोठ्या वळणाने नेली.

जुळणी करताना क्रम महत्त्वाचा असतो आणि चूक बहुधा तिथेच होते. प्रथम केबल पूर्ण सैल सोडावी. मग गिअर न्यूट्रलमध्ये आणि दोन्ही मागची चाके अधांतरी असताना ड्रमवरचा दातेरी अ‍ॅडजस्टर फिरवत न्यावा, शाफ्ट हाताने फिरेनासा होईपर्यंत. आणि मग शाफ्ट न घासता मोकळा फिरेल इतकाच तो मागे घ्यावा. शू आणि ड्रम यांच्यातले अंतर असे ठरल्यावरच केबलला हात लावावा, आणि तिच्यातली लोंबती ढिलाई निघेल इतकीच ती ओढावी. ड्रमवरचे अंतर केबलने भरून काढायला गेले की शू फाकवणारा आर्म आधीच अर्धा फिरलेला राहतो, त्याचा कोन बिघडतो, आणि हात जितका जोर लावतो तितका शूपर्यंत जात नाही. नानांच्या गाडीत जुळणीपूर्वी दांडा चौदाव्या खटक्यावर जाऊन थांबत होता, आता सहाव्यावर थांबतो. दांड्याला ताणकाटा लावून पाहिले तेव्हा तिथपर्यंत ओढायला ३५ किलो जोर लागला. मानकात अशा गाडीच्या हाताच्या ब्रेकसाठी कमाल ६०० न्यूटन, म्हणजे सुमारे ६१ किलोची मर्यादा आहे. काकूंनाही तो ओढता आला, आणि मला हे आवश्यक वाटत होते, कारण नाना बाहेर असताना गाडी धरण्याची वेळ त्यांच्यावर येऊ शकते.

लेप खरवडून ब्रीदर काढला, धुतला, त्याची टोपी बोटाने उचलते आणि खाली बसते हे पाहिले, आणि मगच तेल पातळीपर्यंत भरले. अधिक भरले नाही, कारण जास्तीचे तेलही सीलवरच जाते.

नवे लायनर बसण्यासाठी रिकाम्या मैदानात चालण्याच्या वेगाने हँडब्रेक चार-सहा वेळा हलक्या हाताने ओढला. शाफ्टवरचा ब्रेक धावत्या गाडीत जोराने ओढू नये. त्याचा सगळा धक्का जॉइंट आणि डिफरन्शियल यांना बसतो.

चाचणीसाठी १८ टक्क्यांचा सिमेंटचा चढ मिळाला नाही. एका गोदामाचा होता तो १७ सेंटिमीटर निघाला. तेव्हा उतारातली कमतरता वजनाने भरून काढली. १७ टक्क्यांवर ९२१ किलो ओढ निर्माण व्हायला गाडी सुमारे ५,४९० किलोची हवी. म्हणून सिमेंटच्या ५० किलोच्या सात गोण्या आत, आसांच्या मध्ये ठेवल्या. एवढे वजन घेऊन रस्त्यावर जाणे योग्य नाही. गोण्या गोदामातच चढवल्या आणि तिथेच उतरवल्या. ठोकळे आणि खडूची रेघ पहिल्यासारखीच. गाडी पंधरा मिनिटे तोंड वर करून आणि पंधरा मिनिटे तोंड खाली करून उभी केली, कारण शूंची पकड दोन्ही दिशांना सारखी असेलच असे नाही. दोन्ही वेळा सुरुवातीचा हिसका आला आणि त्यानंतर रेघ तुटली नाही. शेवटची पाच मिनिटे नानांचा पुतण्या आत मुद्दाम पुढून मागे आणि मागून पुढे चालत राहिला. तोरणमाळच्या रात्री गाडी काकूंच्या पावलांनी सुटली होती, म्हणून ती परिस्थिती पुन्हा निर्माण केल्याशिवाय मी गाडी सोडायला तयार नव्हतो.

यानंतर नानांना मी एक गोष्ट दोनदा सांगितली आणि त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतली. हँडब्रेक आता पक्का असला, तरी मागचे एक चाक जॅकने उचलले की तो नसल्यासारखाच आहे. शाफ्ट धरलेला असतो, पण डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलट दिशेने फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक त्याच्या उलट. गाडी जॅकवरून पुढे किंवा मागे निघून जाते. पंक्चर काढताना याच कारणाने माणसे गाडीखाली सापडतात, आणि ज्यांचा हँडब्रेक चाकांवर असतो त्यांना ही सवयच नसते. गिअरमध्ये गाडी टाकल्यानेही हा धोका टळत नाही, कारण गिअरही शाफ्टच धरतो. मागचे चाक उचलायचे असेल तर पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये.

उभे राहण्याची पद्धतही बदलली. पायब्रेक दाबून गाडी थांबवायची, हँडब्रेक ओढायचा, मग पायब्रेक हळू सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यायचा आणि तो हिसका पुरता होऊ द्यायचा, आणि नंतरच चढावर पहिला व उतारावर रिव्हर्स गिअर टाकून इंजिन बंद करायचे. आधी गिअर टाकून पाय काढला तर भार गिअरवर बसतो आणि हँडब्रेक धरतो आहे की नाही हे कळतच नाही.

एप्रिलमध्ये, १,२०० किलोमीटर चालल्यावर, गाडी पुन्हा पाहिली. त्यात सातपुड्यातल्या पाल या गावचा एक आणि तोरणमाळचा एक फेरा होता. दांडा सातव्या खटक्यावर गेला होता, जे नव्या लायनरच्या बाबतीत अपेक्षितच आहे. अ‍ॅडजस्टर ड्रमवर थोडा घेतला, केबलला हात लावला नाही. ब्रीदरची टोपी मोकळी होती. ड्रममागचा पत्रा कोरडा होता, फक्त सीलच्या खालच्या कडेला नखाएवढा ओलसर डाग होता. तो वाढतो का हे दर महिन्याला पाहण्यासाठी शेजारी रंगाने त्याची कड आखून ठेवली आहे. जिभाऊंनी साग कापून केलेले चार ठोकळे आता गाडीतच असतात. काकूंनी त्यांना दोरी बांधून दाराच्या आतल्या खिळ्याला अडकवले आहे, आणि गाडी कुठेही थांबली की ते चाकांना लागल्याशिवाय त्या चहाचे आधण ठेवत नाहीत.